पराशा घरी न्या

शब्बाथच्या सकाळी सेफेर तेबावर ठेवतात, हजान वाचायला लागतात आणि मागच्या बाकांवर मुलांची चुळबुळ सुरू होते. कोणी वडिलांच्या सिसिथच्या दोऱ्यांशी खेळतं, कोणी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पळतं. एखादं हळूच विचारतं, "हे दर आठवड्याला एवढं काय वाचतात?" आणि आपण डोळे वटारून म्हणतो, "तोरा वाचतायत, गप्प बस." त्या पोराचा प्रश्न अगदी रास्त असतो. त्याचं उत्तर हजान देऊ शकणार नाहीत, ते त्या वेळी वाचनात असतात. उत्तर आपल्याला द्यायचं आहे आणि ते घरीच देता येतं. आज तुमच्याशी बोलायचंय ते याच विषयावर.

तोराची पाच पुस्तकं 54 पराशांत वाटलेली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. सिम्हाथ तोराला शेवटची पराशा संपते आणि त्याच दिवशी बरेशीतपासून पुन्हा सुरुवात होते. ज्या वर्षी शब्बाथ कमी पडतात, त्या वर्षी काही आठवड्यांत दोन-दोन पराशा जोडून वाचतात. जवळजवळ सगळं वर्ष ठाण्यात, पुण्यात, अलिबागला, अश्दोदला आणि दिमोनालाही एका शब्बाथला एकच पराशा उघडलेली असते.

या व्यवस्थेत आईबापांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची बाब अशी की विषय आपण निवडत नाही. थोरल्याने धाकट्याचा हेवा केला आणि त्याच संध्याकाळी आपण त्याला समोर बसवून योसेफाची गोष्ट सांगितली, तर त्याला पहिल्या वाक्यालाच कळतं की हा बाण आपल्यावर आहे. तो कान मिटून घेतो. पण डिसेंबरच्या आसपास वायेशेव आली, तर ती यायचीच होती. गेल्या वर्षीही आली होती, पणजोबांच्या वेळीही आली होती. कोणी कोणाला सुनावत नाहीये. हेवा, खोटं बोलणं, वाटणी, परदेशी जाणं, म्हातारपण, आईबापांच्या चुका, असे जे विषय घरात काढायला आपण कचरतो, ते पराशा स्वतःहून काढून आपल्या ताटाशेजारी ठेवते. आपण फक्त तो विषय तिथून उचलून बाजूला सारायचा नाही, एवढंच करायचं.

यासाठी शिकलेलं असावं लागतं असं मनात आणू नका. आपले वाडवडील कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, 1796 सालचं. त्याआधी कित्येक पिढ्या ना सिनेगॉग होतं, ना हाताशी सेफेर. शब्बाथ होता, सुंता होती, खाण्याचे नियम होते आणि शेमा होता. हे सगळं टिकलं ते स्वयंपाकघरात आणि ओसरीवर. त्या शेमाच्या लगेच पुढे, वाएथहानान पराशात, आज्ञाच आहे की हे शब्द मुलांना शिकवा; घरात बसलेले असाल, रस्त्याने चालत असाल, निजायला जात असाल, उठत असाल, तेव्हा त्यांच्याबद्दल बोला. त्या यादीत सिनेगॉगचं नाव नाही.

आता प्रत्यक्ष बोलू. वर्षातले सात शब्बाथ मला आईबापांसाठी सगळ्यात महत्त्वाचे वाटतात: तोलेदोतपासून वायेहीपर्यंतचे. ही सातही वाचनं एकाच घराची आहेत, आणि ते घर आदर्श नाही. इसहाकाचा जीव एसावावर, कारण त्याने मारून आणलेली शिकार त्याला आवडे. रिबकेचा जीव याकोबावर. आंधळ्या बापाला फसवून याकोब आशीर्वाद घेतो आणि घर सोडून पळतो. आईबापांच्या आवडीनिवडीने आपलं काय झालं, हे या माणसाइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तोच याकोब पुढे बाप झाल्यावर म्हातारपणीच्या मुलाला, योसेफाला, एकट्यालाच खास झगा शिवून देतो. बाकीच्या भावांना त्याच्याशी धड बोलवेना, असं तोरा स्पष्ट सांगते.

मी मुलांचा वर्ग घेते. ही गोष्ट चालू असताना नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "मग चूक बाबांची ना? भावांना कशाला बोल लावायचा?" मी त्याला थांबवलं नाही. दुसऱ्या एका मुलीने लगेच सुनावलं, "पण म्हणून काय भावाला विकायचं?" अर्धा तास वर्ग पेटलेला होता. मला काही शिकवावं लागलं नाही. तुमच्या घरी हा प्रश्न आला तर याकोबाची वकिली करू नका. आपले पूर्वज म्हणून त्यांच्या चुका झाकायची आपल्याला सवय असते. तोराने मात्र त्या झाकलेल्या नाहीत. उलट मुलांना विचारा, "आपल्या घरात असा झगा कोणाला मिळालाय असं तुम्हाला वाटतं?" उत्तर ऐकायला अवघड जाईल. कदाचित तुम्हाला वाटत होतं त्याच्या नेमकं उलट उत्तर येईल. ते ऐकून घ्या, आणि "असं काही नाही हं" एवढं वाक्य त्या रात्री तोंडातून काढू नका.

पुढे मिकेत्स येते. दुष्काळ पडलेला, भाऊ धान्यासाठी मिसरात आलेले, समोरचा अधिकारी योसेफ आहे हे त्यांना ठाऊक नाही. धाकट्या बिन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो. योसेफ म्हणतो, हा इथे गुलाम म्हणून राहील, बाकीच्यांनी सुखाने बापाकडे जावं. आणि पराशा इथेच तुटते! पुढचं ऐकायला आठवडाभर थांबायचं. आपल्या मुलांना एका बोटाने पुढचा भाग लावायची सवय आहे. त्यांना हा आठवडा मिळू द्या. पुढचं सांगू नका. "तू त्या भावांतला यहूदा असतास तर काय केलं असतंस?" असं विचारा आणि सोडून द्या. बुधवारी-गुरुवारी शाळेतून येता येता उत्तर येतं, असा माझा अनुभव आहे.

मग वायिगाश. यहूदा पुढे होतो आणि बोलतो. त्या भाषणातली एक जागा मोठ्यांनी स्वतः वाचावी. यहूदा बापाचे शब्द सांगतो: माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले, असं याकोब म्हणाला होता. यहूदा लेआचा मुलगा. म्हणजे बापाच्या त्या वाक्यात यहूदाची आई बायकोतही धरलेली नाही आणि तो स्वतः मुलांतही नाही. हे वाक्य तो परक्या अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, त्यात कडवटपणाचा लवलेश नाही, आणि वर म्हणतो की बापाचा जीव या पोरात गुंतलाय, तेव्हा त्याच्याऐवजी मला ठेवा. वीसेक वर्षांपूर्वी याच यहूदाने योसेफाला विकायचा बेत सुचवला होता. बाप बदललेला नाही, त्याची आवडनिवड तशीच आहे. बदललाय तो मुलगा. योसेफाला रडू आवरत नाही ते या क्षणी.

आणि वायेहीत तोच म्हातारा याकोब नातवांना आशीर्वाद देताना हात आडवे घालून धाकट्या एफ्राईमला थोरल्या मेनाश्शेच्या पुढे काढतो. योसेफ बापाचा हात धरू पाहतो, पण आजोबा ऐकत नाहीत. मात्र या दोन भावांत त्यावरून काही बिनसलं असं तोरात कुठेही येत नाही. म्हणूनच शुक्रवारी रात्री मुलग्यांच्या डोक्यावर हात ठेवून आपण एफ्राईम-मेनाश्शेचं नाव घेतो, असं जाणते सांगतात. मुलींसाठी सारा, रिबका, राहेल, लेआ. हा आशीर्वाद घरात बंद पडला असेल तर या शुक्रवारी पुन्हा सुरू करा. हिब्रू येत नसेल तर मराठीत द्या. मुलगा सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, लाजणारा असला तरी द्या.

आपल्या समाजातल्या आईबापांसाठी आणखी एक जागा आहे, ती मात्र सहसा कोणी दाखवत नाही. लेख लेखाबद्दल सगळे बोलतात: देश, जन्मभूमी आणि बापाचं घर सोड, अशी आव्राहामला आज्ञा होते. 1948 नंतर आपली घरंच्या घरं इस्राएलला गेली, तेव्हा ही पराशा कितीदा ऐकवली गेली असेल! पण तिच्या आदल्या आठवड्यात, नोआहच्या अगदी शेवटी, चार ओळी आव्राहामच्या बापाच्या आहेत. ऊर सोडून कनानला निघाला तो तेरह, आव्राहामचा बाप. तो वाटेत हारानला थांबला आणि तिथेच राहिला. तोरा तिथेच त्याचा मृत्यू सांगून टाकते, 205 वर्षांचा होऊन वारला म्हणून, आणि मगच आव्राहामची गोष्ट सुरू करते. वाचणाऱ्याला वाटतं, बाप गेला आणि मग मुलगा निघाला. पण हिशेब करून पाहा. आव्राहाम जन्मला तेव्हा तेरह 70 वर्षांचा होता. आव्राहाम निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता. म्हणजे तेरह तेव्हा 145चा होता, आणि त्यानंतर 60 वर्षं जगला.

तोराचा टीकाकार राशी याने हा हिशेब मांडलाय आणि विचारलंय की मग तोराने बापाचा मृत्यू आधी का सांगितला. त्यात तो एक उत्तर असं देतो की म्हाताऱ्या बापाला टाकून मुलगा गेला असं लोकांनी बोलू नये. म्हणजे आव्राहामच्याही मागे हारानला एक बाप होता. ठाण्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा आणि बेरशेवाला नोकरी करणारा मुलगा, हे चित्र आपल्या किती घरांत आहे! मुलांना सांगा की आजोबा हे तेरहसारखे, आपल्या गोष्टीच्या सुरुवातीला असलेले आहेत. त्यांनीच तुमच्या बाबांना शिकवलं, त्यांनीच अर्ध्या वाटेपर्यंत आणलं. आणि ज्यांची मुलं जायला निघालीयत त्यांना माझी एवढीच विनंती आहे की नोआहचा शेवट आणि लेख लेखची सुरुवात मुलांबरोबर एका बैठकीत वाचा. विमानतळावर जे बोलायचं राहून जातं त्यातलं बरंच त्या रात्री बोलून होईल.

मुली असतील त्या घरी पिनहास चुकवू नका. सेलोफहादच्या पाच मुली, माहला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा, मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहतात आणि विचारतात की भाऊ नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर माहीत नाही. तो देवाला विचारतो, आणि उत्तर येतं की मुलींचं बरोबर आहे. आता आपल्याकडे पाहा. भारतात आपल्याला 1925चा वारसा कायदा लागू आहे, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. तरी गावच्या वाडीची किंवा मुंबईच्या खोलीची वाटणी निघाली की बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो, आणि "भावाचं मन मोडू नको" असं सांगून त्यावर सही होते. ही पराशा वाचून तुमच्या मुलीने विचारलं की आत्याने सही का केली, तर विषय बदलू नका. पुढे मासे पराशात या पाच जणींवर आपल्याच कुळात लग्न करण्याची अट येते, तेही तिला सांगा. अर्धी गोष्ट सांगून मोकळं व्हायचं नाही.

शेलाह शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. बारा हेर देश पाहून येतात, दहा जण म्हणतात की तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, आम्ही आमच्याच नजरेत टोळ झालो होतो. मुंबईच्या शाळेत आपलं मूल वर्गात एकटंच यहुदी असतं. "म्हणजे ख्रिश्चन का?" "आडनाव तर मराठी आहे!" हे प्रश्न त्याला दर वर्षी नव्या वर्गात येतात. इस्राएलमधल्या मुलाला दुसरा प्रश्न येतो, रंगावरून. त्याच्यासाठी बेहाआलोथेखाही आहे: मोशेने कूशी बायको केली म्हणून मिर्याम नावं ठेवते, आणि तिला त्याची शिक्षा होते. 1960च्या दशकात आपल्या लोकांच्या लग्नांवरच तिथे प्रश्नचिन्ह लावलं गेलं होतं. आपले आजी-आजोबा त्यासाठी उघड्यावर ठाण मांडून बसले, आणि 1964 साली सरकारने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असं जाहीर केलं. हे मुलांना सांगा. आपल्याच नजरेत टोळ न होणं म्हणजे काय, ते त्यांना घरच्याच माणसांच्या उदाहरणावरून कळेल.

निवासमंडपाच्या मोजमापांच्या पराशा, अर्पणांच्या पराशा, त्वचारोगाच्या पराशा, या लहान मुलांना जड जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही. तेरूमाच्या आठवड्यात कागद-पट्टी देऊन मंडपाचं चित्र काढायला लावा, पुरे. वायेराचं शेवटचं प्रकरण, इसहाकाला बांधण्याचं, फार लहानांना सांगू नका. आणि मोठ्यांना सांगाल तेव्हा ते गोड करू नका. "बाबा, तुम्ही मला नेलं असतं का?" असं मूल विचारणारच. त्याला "नाही" म्हणा, मोठ्याने आणि लगेच. बाकीची चर्चा त्यानंतर.

"आम्हाला हिब्रू येत नाही" हे कारण मला मान्य नाही. जुनी रीतच अशी आहे की आठवड्याची पराशा मुळातून दोनदा वाचावी आणि एकदा भाषांतरातून. ते भाषांतर अरामीत असे, कारण तेव्हा लोक अरामी बोलत. आपल्या वाडवडिलांनी हेच मराठीत केलं. 1874 साली पुण्यात छापलेली हग्गादा पाहा: हिब्रूशेजारी मराठी, आणि चित्रात पेसाहची तयारी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या. 1880च्या सुमारास आपल्या लोकांनी मराठी कीर्तन पाहिलं, आणि त्याच चालींवर आव्राहामची, योसेफाची, मोशेची कीर्तनं रचली. रात्र-रात्र माणसं ती ऐकत. जी आजी कधी हिब्रूचं एक अक्षर शिकली नाही तिला योसेफाची गोष्ट तोंडपाठ असायची, ती यामुळे. तुमच्याकडे मराठी भाषांतर असेल तर ते घ्या, इंग्रजी असेल तर ते. मूल इस्राएलमध्ये वाढत असेल तर त्याला हिब्रूत वाचू द्या आणि आजीला त्याचं मराठी करू द्या.

वेळ किती लागतो? बुधवारी किंवा गुरुवारी आईने नाहीतर बाबांनी पराशा एकदा शांतपणे वाचावी. वाचताना जिथे स्वतःला अडखळायला झालं, ती जागा लक्षात ठेवावी. शुक्रवारी दिवे लागले, मनुकांच्या सरबतावर किद्दूश झाला, जेवण वाढलं, की त्या जागेबद्दलचा एकच प्रश्न ताटावर काढावा. उत्तर तयार असलेला प्रश्न विचारू नये. मुलांना परीक्षेचा वास लगेच येतो. शेवटी तात्पर्य सांगू नये. जेवण संपलं की विषय संपला. कोणी बोललं नाही, तरी चालतं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा "मी हे काही मानत नाही" म्हणाला, तर त्याला उठवून लावू नका. पेसाहच्या सेदेरला चार मुलांचे प्रश्न येतात, त्यात वाकडा प्रश्न विचारणाराही त्याच टेबलाशी बसलेला असतो. त्याला विचारा की यात तुला काय खटकतं. त्याला खटकलेली जागा बहुतेक वेळा टीकाकारांनाही खटकलेली असते.

ज्यांची निम्मी माणसं इस्राएलमध्ये आहेत त्यांना फोनवर हे फार छान जमतं. तिथे शुक्रवारी बालवाडीतसुद्धा पराशाची गोष्ट सांगतात, त्यामुळे चार वर्षांच्या नातवाकडेही सांगण्यासारखं काही असतं. फक्त एक लक्षात ठेवा. पेसाहचा आठवा दिवस किंवा शावुओथचा दुसरा दिवस शब्बाथला आला, की आपण इथे सणाचं वाचन करतो आणि तिथे सण संपलेला असल्यामुळे ते पुढची पराशा वाचतात. मग इथे दोन पराशा एकत्र वाचून गाठेपर्यंत काही आठवडे ते आपल्या एक पाऊल पुढे असतात. त्या दिवसांत गोष्ट नातवाने सांगायची आणि आजीने ऐकायची.